आप्पांचं स्कॉटलंड

घोडेगाव,
दि. २४ नोव्हेंबर २०२३

॥ श्री ॥

तीर्थरूप आप्पांना नात तेजस्विनीचा सा. न. वि. वि.

दिवाळीची सुट्टी संपवून मी सुखरूप पोचले. फोन करणार होते, पण फोनवर तुम्हाला माझा आवाज येतो आणि शब्द येत नाहीत. मग बाळासाहेब काका माझं बोलणं तुम्हाला ओरडून सांगतात आणि त्यात थोडं स्वतःचंही घालतात. त्यापेक्षा पत्र बरं. माझं अक्षर तुम्हीच वळवलेलं आहे, ते तरी तुम्हाला लागेल.

कॉलेजात माझ्या तासिका सुरू झाल्या. पीएच.डी.चा विषयही अखेर ठरला. माझ्या गाइड मॅडमकडे इंग्लंड आणि आयर्लंड आधीच्या मुलींना वाटून झाले होते, स्कॉटलंड शिल्लक होतं. आजच्या पुस्तकांतून तिथली संस्कृती कशी दिसते आणि तिथली माणसं स्वतःला कोण समजतात, हे मी आता तीन वर्षं शोधायचं आहे. आळ्याच्या मुलीला याचा काय अधिकार, असं मला रोज वाटतं. मॅडमना तसं बोलून दाखवलं तर त्या म्हणाल्या की आधी वाच, मग घाबर.

तर वाचते आहे. तिथले पुरुष चौकडीचा घागरा नेसतात, तो तुम्ही चित्रात पाहिला असेल. प्रत्येक कुळाची चौकडी वेगळी असते. पण एका लेखिकेने लिहिलंय की ही वाटणी फार जुनी नाही, बरीचशी गेल्या दोनशे वर्षांत कापडवाल्यांनी बसवलेली आहे. दुसरी एक कादंबरी मात्र फार लागली. आजच्या काळातली मुलगी पणजीच्या पणजीचं घर शोधत डोंगरात जाते. तिथे नुसते चौथरे उरलेत. जमीनदाराला हरणांच्या शिकारीसाठी रान मोकळं हवं होतं, म्हणून त्याच्या कारभाऱ्याने सगळी वाडी उठवली आणि परत कोणी येऊ नये म्हणून छपरं जाळली. मी स्टाफरूममध्ये बसून रडले. नंतर आठवलं की चोवीस उत्तरपत्रिका तपासायच्या राहिल्यात, आणि त्याचंही वाईट वाटलं.

कानाचं यंत्र डबीत ठेवू नका, कानात ठेवा. काकूंना नमस्कार. माझ्यावरची माया आहे तशीच राहू द्यावी.

आपली,
तेजस्विनी


आळे,
दि. ३ डिसेंबर २०२३

॥ श्री ॥

चि. तेजस्विनीस आप्पांचे अ. उ. आ.

पत्र मिळालं. तीनदा वाचलं, त्यातलं एकदा मोठ्याने. हल्ली ऐकायला कोणी बसत नाही, ज्याचा तो मोबाइलमध्ये. पण रविवारी सावळेराम येतो, त्याला चहा दिला की तो ऐकतो.

सावळेराम तुला आठवत असेल. आंबेगावच्या वरच्या अंगाची त्यांची वाडी धरणात गेली तेव्हा सरकारने पुनर्वसनासाठी आपली कालव्याखालची दोन एकर कागदोपत्री त्याच्या बापाच्या नावे केली. आपण कोर्टातून स्थगिती आणली, ती अजून आहे. बाप वारला. हा कालव्याकडेला पत्र्याच्या खोलीत राहतो, टोमॅटोच्या तोडणीला जातो आणि दर रविवारी येऊन विचारतो की आप्पा, आमचं काय ठरलं. मी सांगतो, तारीख आहे. आताची १८ जानेवारीला आहे. माणूस गरीब आहे, कधी आवाज चढवत नाही.

तर स्कॉटलंड. अगं, काय तो जमीनदार आणि काय त्याचा कारभारी. माणसाला उठवून हरणं ठेवायची? मी सावळेरामला म्हणालो, असल्या माणसाला उभं जाळलं पाहिजे. त्याने विचारलं की त्या लोकांना छपराचे वासे तरी नेता आले का. त्यांच्या वाडीने म्हणे पाणी चढायच्या आधी घरं स्वतः उतरवली आणि वासे ट्रकमध्ये घालून इकडे आणले. ते त्याच्या खोलीमागे रचून ठेवलेत, जमीन मिळाली की घर बांधायचं म्हणून. निम्मे वाळवीने खाल्ले म्हणतो. तू वाशांचं काय झालं ते कळव, त्याला लई लागून राहिलंय.

चौकडीचं वाचून हसलो. आपल्या भावकीत बांध कुठून जातो हे ठरत नाही, चौकडी कशी ठरायची.

दूध पीत जा. आमचा जीव तुझ्याकडे आहे हे विसरू नको.

तुझा,
आप्पा


घोडेगाव,
दि. ११ डिसेंबर २०२३

॥ श्री ॥

ती. आप्पांना सा. न. वि. वि.

वासे जळले, असं सावळेरामकाकांना सांगा. त्या उघड्या डोंगरात लाकूड मिळत नसे, म्हणून वासा म्हणजेच घर; म्हणून तेच जाळायचे. हे लिहायला नको वाटत होतं, पण त्यांनी विचारलं आहे.

आता वाचते आहे ते पुस्तक लेखांचं आहे, आणि त्याने माझी झोप उडवली आहे. लिहिणारी ग्लासगोची. तिचे आजी-आजोबा लाहोरकडून तिकडे गेलेले. तिला लोक अजून विचारतात की तू मूळची कुठली, आणि ती त्यांच्याच बोलीत त्यांना उत्तर देते. ती म्हणते, आमच्या देशात प्रत्येकाला आपण उठवलेल्यांचे वंशज आहोत असं वाटतं. उठवणाऱ्याचा वंशज कोणी भेटतच नाही. दुःखाची गाणी सगळे एकत्र म्हणतात. आणि तिथूनच गेलेली माणसं दुसऱ्या देशांत ऊसमळ्यांवर मुकादम झाली, तिथे चाबूक त्यांच्या हातात होता, हे कोणत्याच गाण्यात नाही. शिव्या न देता लिहिते, म्हणून जास्त लागतं.

आणखी एक. कादंबरीतल्या त्या कारभाऱ्याचं एक पत्र आहे. त्यात तो लिहितो: "या लोकांना चांगल्या जमिनीचं काय करावं ते कळत नाही. त्यांचं भलं दुसरीकडे जाण्यातच आहे." हे वाक्य मी आधी कुठेतरी वाचलंय असं सारखं वाटतं. इंग्रजीत नाही, मराठीत. दोन दिवस डोकं खाजवलं. माझी चौथीतली शुद्धलेखनाची निळी वही माळ्यावरच्या ट्रंकेत आहे का, जमल्यास पाहाल का? घाई नाही. म्हणजे थोडी आहे.

सावळेरामकाका येतात तेव्हा त्यांना खुर्ची देता का? सहज विचारलं. राग नसावा, लोभ असावा.

आपली,
तेजस्विनी


आळे,
दि. २० डिसेंबर २०२३

॥ श्री ॥

चि. तेजस्विनीस अ. उ. आ.

वही सापडली, सोबत पाठवतो. चाळून पाहिली. काय अक्षर होतं तुझं, एक काना वाकडा नाही. शाळेपेक्षा जास्त तू माझ्यापाशी शिकलीस, हे मी पाहुण्यांनाही सांगतो.

खुर्चीचं म्हणशील तर सावळेराम स्वतःच ओट्याच्या पायरीवर बसतो. त्याला तिथे बरं वाटतं.

त्या कारभाऱ्याचं वाक्य मी त्याला वाचून दाखवलं. अंगाची आग झाली. असं वाक्य ज्याच्या तोंडून निघालं त्याच्या तोंडात माती पडो आणि ज्याने ते कागदावर उतरवलं त्याचा हात झडो. तुझी ती लाहोरवाली बाई हुशार दिसते, पण तिला आपल्याकडची माहिती नाही. आपण उठवलेल्यांतलेच. सरकार म्हणजे जमीनदार आणि भूसंपादनवाले म्हणजे कारभारी. कालव्याखालची काळी जमीन, बापजाद्यांची, एका कागदाने गेली. मी स्कॉटलंडचं वाचतो तेव्हा मला माझंच वाचतोय असं वाटतं.

त्यावरून सुचलं. मी वकिलांशी बोललो. १८ तारखेला आपल्या म्हणण्यासोबत स्कॉटलंडचा दाखला जोडायचा. जगात इतरत्रही मूळच्या जमीनवाल्यांवर असाच अन्याय झाला आणि आज तिथली शिकलेली माणसं त्याबद्दल पुस्तकं लिहितात, असा. तू दोन पानं लिहून पाठव, इंग्रजीत, म्हणजे वजन पडतं. खाली तुझं नाव आणि पदवी घाल. वकील आधी हसले, मग म्हणाले, द्या, कागद वाढला तर बिघडत नाही. बाळासाहेब त्या तुकड्यात द्राक्ष लावायचं म्हणतोय, तेव्हा या तारखेला निकाल लागलेला बरा.

३० तारखेला नारायणगावला माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. काळजी करू नको. दोन पानांची वाट बघतो.

तुझा,
आप्पा


घोडेगाव,
दि. २ जानेवारी २०२४

॥ श्री ॥

ती. आप्पांना सा. न. वि. वि.

ऑपरेशन नीट झालं असं काकांकडून कळलं, तेव्हा जीव भांड्यात पडला. हे पत्र मी चौथ्यांदा लिहिते आहे. आधीची तीन फाडली. एक फार लांब होतं, एक उद्धट होतं, आणि एकात मी काहीच म्हटलं नव्हतं. पाकिटावर मुद्दाम 'फक्त आप्पांसाठी' असं लिहिलंय.

ती दोन पानं मी पाठवू शकत नाही.

तुम्हाला आठवतं का, चौथीच्या मे महिन्यात तुम्ही मला रोज एक पान शुद्धलेखन सांगायचात. गोष्टींची पुस्तकं संपली तेव्हा कोर्टाचे अर्ज सांगायला लागलात, कारण त्यात जोडाक्षरं चांगली येतात. वहीच्या एकोणिसाव्या पानावर आहे ते जसंच्या तसं उतरवते: "सदर इसमांस बागायती शेतीचे ज्ञान नसून त्यांच्या ताब्यात गेल्यास उत्तम जमीन वाया जाईल. त्यांचे हित अन्यत्र वसण्यातच आहे." खाली तुम्ही लाल पेनाने दहापैकी दहा दिलेत.

आप्पा, कारभाऱ्याचं वाक्य तुम्हीच सावळेरामकाकांना वाचून दाखवलंत. त्याच्या तोंडात माती पडो असं तुम्ही म्हणालात. हे वाक्य तुमच्या तोंडून निघालं आणि माझ्या हाताने उतरलं. 'इसम' म्हणजे कोण, हे मी तेव्हा विचारलं नव्हतं. ते पायरीवर बसलेले असणार.

मी तुम्हाला त्या जमीनदारासारखं मानत नाही. ज्यांनी मला बाराखडी शिकवली त्यांना असं लिहिताना माझा एकही काना सरळ येत नाही, ते दिसेलच. पण माझ्या नावाने आणि पदवीने स्कॉटलंडचा दाखला जोडायचा, तर त्या दाखल्यात आपण कोणत्या बाजूला उभे आहोत तेही मला लिहावं लागेल. हवं असेल तर तशी दोन पानं लिहून देते. ती वकिलांना द्यायची की नाही, ते तुम्ही ठरवा.

तुम्ही रागावाल. रागवा, पण उत्तर पाठवा. डोळ्यात औषध वेळेवर घाला आणि शक्य तर हे पत्र एकटे असताना वाचा.

आपली,
तेजस्विनी


आळे,
दि. ९ जानेवारी २०२४

॥ श्री ॥

चि. तेजस्विनीस अनेक आशीर्वाद.

अक्षर परकं दिसेल. दुसऱ्या डोळ्याने तसंही धूसर दिसतं आणि ऑपरेशन केलेल्या डोळ्याने वाचायला-लिहायला डॉक्टरांनी बंदी घातली आहे. बाळासाहेब द्राक्षाच्या मागे, घरात सापडत नाही. तेव्हा मी सांगतो आणि सावळेराम लिहितो.

तुझं पत्रही रविवारी त्यानेच वाचलं. पाकिटावरचं वाचून तो थांबला होता. मी म्हणालो, आप्पा इथेच बसलेत, फोड. मला कमी ऐकू येतं म्हणून मोठ्याने वाचायला सांगितलं. अंगणात त्या वेळी तुझी काकू, तिच्या माहेरचे दोघे पाहुणे आणि दूधवाला होता. कारभाऱ्याच्या वाक्यापाशी आल्यावर सावळेरामने आवाज खाली घेतला, तेव्हा मी त्याला पुन्हा वाचायला लावलं. मग माझ्या अर्जाचं वाक्य आलं. तेही दोनदा झालं. दूधवाला दूध न मोजता गेला.

मी दोन दिवस तुझ्याशी मनातल्या मनात भांडलो. म्हटलं, मी कुणाचं छप्पर जाळलं नाही. कुणाला हात लावला नाही. कोर्टात गेलो, सरळ मार्गाने गेलो. हे सगळं मुद्देसूद लिहिणार होतो, पण सावळेरामकडून लिहून घ्यावं लागणार हे लक्षात आलं आणि निम्मे मुद्दे गळाले. तुझ्या त्या जमीनदाराच्या घरात शिकलेली नात नव्हती, म्हणून त्याचं सुखाने निभावलं.

माझ्यावर अन्याय झाला नाही असं मी म्हणणार नाही. सरकारने मला न विचारता जमीन घेतली, हे खरं आहे. फक्त ती घेतलेली जमीन आजवर मीच कसतो आहे, हे तुला कधी सांगितलं नव्हतं. सावळेराम म्हणतो, त्याला माहीत होतं.

दोन पानं नकोत. १८ तारखेला मी वकिलांना सांगणार आहे की आमची हरकत नाही. गहू उभा आहे, तो मार्चमध्ये निघेल. मग मोजणी करून ताबा द्यायचा. कालव्याच्या पाण्याची पाळीही त्यासोबत जाईल. बाळासाहेबाला अजून सांगितलेलं नाही, पत्र पेटीत पडल्यावर सांगेन.

इथे सावळेरामने लिहायचं थांबवलंय. विचारतो, हे कुणाबद्दल आहे. मी म्हणालो, तुझ्याबद्दल आहे, पुढे लिही.

तुझा अभ्यास नीट कर. मला इतकं लिहिल्याबद्दल मी रागावलो आहे, तो राग राहील. जीवही राहील.

तुझा,
आप्पा

ताई, मी सावळेराम. वरचं सगळं आप्पांनी सांगितलं तसंच लिवलंय, माझ्या पदरचं काय न्हाई. ताब्याची ओळ मी तीन वेळा विचारून घेतली. तिन्ही वेळा तीच सांगितली. आता आप्पा विचारत्यात, एवढं काय लिवतोस. लोभ असावा म्हणून लिवतोय, असं सांगितलं.