सुनेचा इंग्रजीचा ग्रुप आणि माझं बोट

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा चेहराही नीट आठवत नाही. पण जिवंत माणसांत हे सांगण्यासारखं कोणी उरलेलं नाही. उद्या सकाळी माझ्या सुनेला शाळेत जाब द्यायला बोलावलंय. ती इथे दिल्लीजवळ, मानेसरच्या एका खाजगी शाळेत सहावीला इंग्रजी शिकवते. नोकरी जाणार असं दिसतंय, आणि ते माझ्यामुळे.

तिच्या वर्गातली पोरं कारखान्यात राबणाऱ्यांची. घरी इंग्रजी बोलणारं कोणी नाही, वर्गात बोलायची लाज. म्हणून सुनेने व्हॉट्सॲपवर ग्रुप केला. रोज प्रत्येकानं इंग्रजीत चार वाक्यं बोलून व्हिडिओ पाठवायचा. ती दिवसभर तासावर, म्हणून मलाही ग्रुपमध्ये घेतलं. कोणी पाठवलं, कोणी नाही, याच्या खुणा मी वहीत करायची. चौथी शिकलेली बाई इंग्रजीची हजेरी घेते, बघा! शाळेतल्या जुन्या मॅडमना हे पहिल्यापासून खुपत होतं. "इंग्लिश बोर्ड पे लिखके आती है, मोबाइल में मुँह दिखाके नहीं," असं त्या स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत म्हणाल्या. शाळेच्या ॲडमिशनची जाहिरात त्याच मोबाइलवर नाचते, ती चालते. सून घरी येऊन म्हणायची, "आई, बोर्डावरचं इंग्रजी बोर्डावरच राहतं हो. पोरं तोंड उघडायला लागलीत यार, हे कुणाला दिसत कसं नाही?" मी म्हणायची, "मला यार म्हणू नकोस."

मागच्या आठवड्यात एका मुलीचा व्हिडिओ आला. गॅसपाशी उभी राहून, पोळ्या लाटणाऱ्या आईकडे बोट दाखवून बोलतेय. "माय मदर इज..." म्हणते आणि अडकते. पुन्हा तेच, पुन्हा अडकते. शेवटी आईच वैतागून म्हणते, "बोल ना, क्या हूँ मैं?" मला हसू आवरेना. हसता हसता तो व्हिडिओ मी माहेरच्या ग्रुपवर ढकलला. आमच्यात काहीही आलं की पुढे ढकलायचं, मग तो देव असो की भरली वांगी. भाच्याच्या पोरानं त्याला ढोलकी जोडली, रील करून सोडली, आणि ती फिरत फिरत त्या मुलीच्याच वर्गात पोचली. आता पोरं तिला "क्या हूँ मैं" अशी हाक मारतात. तिनं शाळेत यायचं बंद केलं. बाप ड्यूटी बुडवून आला आणि प्रिन्सिपॉलसमोर रडला. मी माझ्या फोनमधून व्हिडिओ पुसला. पुसून काय होतंय!

तिसरीत तुमच्या तासाला शेजारची मुलगी धडा वाचताना अडखळली आणि मी खिदळले होते. "आता तू वाच," म्हणालात. मला एक ओळ येईना. तुम्ही मारलं नाहीत, तास संपेपर्यंत तशीच उभी ठेवलीत. चौथीनंतर वडिलांनी शाळा सोडवली तेव्हा घरी येऊन स्वतःचं वाचनाचं पुस्तक दिलंत. "रोज मोठ्यानं वाच. चुकलं तरी मोठ्यानं." बाई, माझी सून दुसरं काय करत होती?

सुनेला वाटतं, व्हिडिओ जुन्या मॅडमनीच कुण्या पोराच्या फोनमधून बाहेर काढला. काल जेवताना म्हणाली, "ग्रुप बंद पाडायला त्यांनीच केलं असणार. मी सगळ्यांसमोर विचारणार." मुलगा म्हणाला, "बिल्कुल विचार." मी आमटी वाढत होते. वाढत राहिले. आयुष्यभर ज्याच्या त्याच्या तोंडावर बोलले, आणि नेमकी इथे जीभ टाळूला चिकटली. उद्या ती एका निर्दोष बाईवर आळ घेईल, तो खोटा ठरेल, मग हिची बाजू कोण ऐकणार?

आत्ताच ती खोलीत येऊन गेली. "आई, उद्या याल माझ्याबरोबर? आत नको, बाहेर बाकावर बसा. आपलं माणूस जवळ असलं की बरं वाटतं." मी म्हटलं, "गुडघे धरलेत गं. तू जाऊन ये." ती मलम घेऊन आली, खाली बसली, दोन्ही गुडघ्यांना चोळलं, वर शाल घातली आणि गेली.

हे पत्र कुठे टाकणार, तुमचा पत्ता कुठे आहे? म्हणून तर लिहिलं. गुडघे माझे चांगले आहेत, बाई.