फोटोच्या बाजूनं ढकल

रायपूर, १२ एप्रिल २०२५

चि. प्रशिक यास, ताईचे आशीर्वाद व जयभीम.

तुझ्या बोगद्याच्या कामावर फोन लागत नाही, म्हणून शेवटी कागद घेतला. बाबा गेल्यावरचा हा पहिला उन्हाळा. आई त्यांच्या कूलरले कोणाले हात लावू देत नाही. मिस्त्री बोलावला तर दारातूनच परत पाठवला. म्हणते, त्यांनी जोडलेली एक तारही सुटली नाही पाहिजे. काल तिले उन्हानं घेरी आली. मग म्या बाबांसारखं मोडक्या लाटण्यानं पंखा ढकलून पाहिला, तर वारा उलटा, खिडकीबाहेर! ते कसे ढकलत, तुलेच माहीत. आणि येणार कधी? दर वेळी नवा बहाना सांगतोस.

तुझ्यावर जीव लावून चिडलेली,
भावनाताई


किन्नौर, २१ एप्रिल

ती. ताईस, सप्रेम जयभीम, वि. वि.

तुझं पत्र राशनच्या गाडीतून आलं. वाचून हसून राहिलो होतो. बाजूच्या बिहारी भैयानं विचारलं, रोता काहे को है, तेव्हा समजलं.

ताई, उलटा वारा पहिल्यांदा बाबांनीच काढला होता. आठवते? शेजारच्या नत्थूकाकांनी आपल्या खिडकीबाहेर खाट टाकली, म्हणाले, हरिदासभाऊ, काय मस्त हवा सोडून राहिले! बाबांनी चूक कबूल केली का? नाव नको. म्हणे, घरच्यांनीच काहून खावी, पाऱ्यातल्या, मोहल्ल्यातल्या लोकांलेही मिळू द्या. आई आत घामानं भिजून राहिली अन् यांची समाजसेवा! रेल्वेच्या वर्कशॉपात डबे दुरुस्त करणारा माणूस, घरच्या कूलरपुढे फेल.

आता ऐक. पहिले पंप चालू कर, खस पूर्ण भिजू दे. मग पंख्याचं बटन दाब. तो गुरगुरेल, फिरणार नाही. तेव्हा जाळीतून लाटणं घाल अन् पातं बाबासाहेबांच्या फोटोच्या बाजूनं ढकल. बाबा म्हणत, तिकडे ढकललं की उलटं होतच नाही. हात लगेच काढ.

यायचं विचारते. खरं सांगू? बाबा गेले तेव्हा बर्फानं रस्ता बंद होता, त्यांले शेवटचं पाहिलं नाही. म्हणून इथे माझ्या डोक्यात ते अजून सायकल काढून ड्युटीवर जातात, संध्याकाळी परत येतात. घरी आलो की ती सायकल भिंतीले टेकलेली दिसेल.

राग ठेव, पण मायाही ठेव.
तुझा,
प्रशिक


रायपूर, २ मे

चि. प्रशिक, आशीर्वाद आणि जयभीम.

पंडरी बाजारातल्या दुकानातून दुपारी जेवायले घरी आली अन् तू लिहिलं तसं केलं. फिरला रे! घरभर खसचा वास. आई दारातच थबकली. बाबा आत आहेत असंच तिले वाटलं असेल. मग चटई ओढून आडवी झाली. किती दिवसांनी तिचा डोळा लागला. मी दुकानात परत गेलीच नाही, बाजूले बसून राहिली.

झोपेतच ती म्हणाली, अहो, पट्ट्या वर करा, पोट्ट्याले सर्दी होईल.

प्रशिक, कूलरच्या हवेच्या पट्ट्या खाली, तुझ्या झोपायच्या जागेकडेच वळलेल्या होत्या. तिथे कोणीच नव्हतं. तरी म्या उठून वर केल्या.

आता काही विचारत नाही. तब्येत सांभाळ, आमची आठवण सांभाळ.
ताई


किन्नौर, ११ मे

ती. ताईस जयभीम.

हव, येतो. ठेकेदार रजा नाही म्हणते, म्हणू दे. पेटी बांधली. हे पत्र अन् मी एकाच गाडीनं उतरून राहिलो, पाहू कोण पहिले पोहोचते.

सायकल पुसू नको. मी पुसतो. अन् पट्ट्या पुन्हा खाली कर, माझ्याकडे. होऊ दे सर्दी.

प्रशिक