विचारांचं माप आणि माझा अंगठा

कर्जत, दवाखाना, खाट नंबर सहा
बुधवार, ता. १९ नोव्हेंबर १९७५

ती. दाजींच्या चरणी हिरामणचा खाटेवरूनच नमस्कार (डॉक्टरांनी उतरायला मनाई केली आहे, तेव्हा वाकलो असं समजून घ्यावं). तुमची तब्येत, सोनुताईचे गुडघे आणि म्हातारा बैल, तिघांचीही खुशाली कळवावी. माझं विचाराल तर उत्तम आहे. गिरणीतला पत्रा पायाच्या अंगठ्याला लागला, साखरेच्या आजारामुळे जखम दोन महिने भरली नाही आणि अंगठा काळा पडला, एवढंच. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही.

म्हणायचं आहे ते मुंबईहून आलेल्या एका विद्वानाबद्दल. नाव टिपणीस. वय पंचवीस-सव्वीस, खांद्याला झोळी, आणि दिसेल ते टिपून घ्यायची खोड. अंगाने आजारी माणसाच्या मनात तोच तो वाईट विचार किती वेळा फिरतो, हे मोजायचं साधन म्हणे त्यांनी बनवलंय. मी भातगिरणीच्या काट्यावर बावीस वर्षं बसलोय. कशाचं वजन होतं आणि कशाचं होत नाही, एवढं मला कळतं. म्हटलं बघू तरी यांचा काटा. तर झोळीतून निघाला सायक्लोस्टाइल केलेला एक कागद! त्यावर बारा प्रश्न. प्रत्येकाला उत्तर द्यायचं शून्य ते चार. शून्य म्हणजे कधीच नाही, चार म्हणजे सदासर्वदा. पहिला प्रश्न, तेच तेच विचार मनात पुन्हा पुन्हा येतात का? चौथा, एकदा आलेला विचार परत परत येतो का? नववा, विचार येऊन गेल्यावर पुन्हा येतो का? दाजी, हा कागद ज्याच्या डोक्यातून निघाला, त्यालाच आधी खाटेवर घालायला हवा.

टिपणीसांची भाषा इथल्या माणसांना कळेना आणि इथल्यांची टिपणीसांना, म्हणून वाचून दाखवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. शेजारच्या खाटेवर चांगो आहे, नदीकाठचा शेतकरी, दम्याचा. बिचारा खायचा, खोकायचा, झोपायचा. त्याला मी सातवा प्रश्न वाचून दाखवला, आपण बरे होणार नाही असं मनात येतं का? चांगो उठूनच बसला.

"का रं? डाक्टर काय बोलला का तुला?"

झालं. त्या दिवसापासून तो दिवसातून तीनदा मला विचारतो, दोनदा नर्सबाईंना, आणि कोणी नसलं तर खिडकीतल्या कावळ्याला.

पडद्यापलीकडे बायकांच्या खाटा. तिथे ठमी आहे, डोंगराकडच्या वाडीतली, पाय मोडलेली. तिला विचारलं, एकच विचार सारखा येतो का? ती म्हणाली, "येतो की रं. घरला कवा जायचं, ह्योच." टिपणीसांनी मान वर केली. हा विचार चांगला धरायचा की वाईट? ठमी म्हणाली, "त्ये तुमीच सांगा. सोडनार हाय का नाय?" टिपणीसांनी बराच वेळ डोकं खाजवलं आणि तीन लिहिले. असा हा काटा!

माझ्या कागदावर मी बाराही ठिकाणी शून्य घातलं. मला कसलाच विचार येत नाही.

बारा दिवसांनी स्वारी परत आली. तोच कागद, तीच माणसं. माप पहिल्यासारखंच येतं का बघायला. (हे मात्र रास्त आहे. आम्हीही एकच पोतं दोनदा ठेवून बघतो.) तर माझं शून्य सोडून सगळ्यांचे आकडे चढलेले! चांगो नवावरून सदतिसावर गेला होता. टिपणीसांना कोण आनंद! म्हणाले, साधन फारच संवेदनशील आहे. मी म्हटलं, "साहेब, काट्यानं पोतं तोलावं. तुमच्या काट्यानंच पोत्यात भात भरलं." तेही त्यांनी टिपून घेतलं.

मग त्यांनी झोळीतून दुसरा कागद काढला, नातेवाईकांनी भरायचा. नेमकी आमची गौराबाई डबा घेऊन आलेली. तिला ओसरीवर बसवून त्यांनी माझ्याबद्दल तेच बारा प्रश्न विचारले. उत्तर आलं बारा चोक अठ्ठेचाळीस! एकही आकडा तिने खाली ठेवला नाही. वर सांगितलं की हे चादर उचलून सारखे पाय बघतात, आणि कोंडा सांडलेल्या गिरणीच्या फरशीवर कुबडी घसरेल का, असं मला विचारतात. मी एकदाच विचारलं होतं. (दोनदा.) (बरं, रोज.)

एकाच माणसाचं शून्य आणि अठ्ठेचाळीस बघून टिपणीस दोन्ही कागद घेऊन डॉक्टरांकडे धावले. डॉक्टरांना असल्या कागदांची माझ्याहून जास्त चीड आहे. पण ते खाटेशी आले.

"हिरामण, मी काय कापणार आहे असं तुला वाटतं?"

"पाय."

"कुठून?"

मी गुडघ्यावर बोट ठेवलं. डॉक्टर स्टुलावर बसलेच. म्हणाले, "अरे, अंगठा! नुसता अंगठा. पाय कोण म्हणालं तुला?"

कोणीच म्हणालं नव्हतं. अठ्ठावीस दिवसांपूर्वी ते चालता चालता "कापावं लागेल" एवढं म्हणून पुढच्या खाटेकडे गेले होते, आणि मी विचारलं नव्हतं. कसं विचारणार, दाजी? विचारलं आणि त्यांनी गुडघा सांगितला असता तर? गौराबाईने तोंडाला पदर लावला. मला वाटलं रडते आहे, तर हसत होती. मग खरंच रडायला लागली. माझ्या डोळ्यांत त्याच वेळी काहीतरी गेलं. पुसून मी टिपणीसांना बजावलं की तुमचा कागद अजूनही कुचकामीच आहे. ते म्हणाले, "हे लिहून घेऊ का?"

असो. चार घटका करमणूक व्हावी म्हणून हे कळवलं. ताईला माझा नमस्कार आणि पोराबाळांना आशीर्वाद सांगावा. लोभ आहेच, तो खाटेवरच्या माणसावर थोडा जास्त असावा.

आपला,
हिरामण

ता. क. सोमवारी सकाळी अंगठा काढणार आहेत. आत नेईपर्यंत जवळ कोणीतरी लागेल. गौराबाई माझ्या तोंडाकडे बघत बसेल आणि मी तिच्या, त्यात काही अर्थ नाही. तुम्ही या. कुठल्या शेतात किती भारे निघाले आणि कोणाची गुरं कोणाच्या भातात शिरली, हे तुम्ही एकदा सुरू केलंत की ऐकणाऱ्याच्या डोक्यात दुसऱ्या विचाराला जागा उरत नाही. तीस वर्षं मी त्याला कंटाळलो आहे. सोमवारी मधे पाणी प्यायलाही थांबू नका.

दुसरं. डॉक्टर अंगठाच म्हणाले, हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे. तरी आलात की माझ्यादेखत त्यांना एकदा विचारा.

तिसरं. सोमवार म्हटलं, पण रविवारी आलात तरी चालेल. शनिवारीही सकाळची एस.टी. असते.