डाव्या हाताचे टाके

आन्दोंग, ६ जून १९६४

ती. इन-सुनताईस,
शि. सा. न. वि. वि.

उलट्या थांबल्या, काळजी नसावी. सासूबाईंनी मला जोगाकबो शिवायला बसवलंय. उन्हाळी कापडाचे उरलेसुरले तुकडे जोडून मोठा रुमाल करायचा आणि त्यात बाळाचे कपडे बांधायचे. शिवण अशी दुमडायची की उलट-सुलट ओळखू येऊ नये. माझे टाके बघून म्हणाल्या, तू आपली किमचीचा कोबीच चीर.

पण ताई, सकाळी पाहावं तर मी न जोडलेले तुकडे जोडलेले असतात. टाके बारीक, माझ्या टाक्यांच्या उलट कललेले. सासूबाईंचा तर हात कापतो. त्यांना विचारलं, तर शांतपणे म्हणाल्या, बोंग-ए डावरी होती. म्हणजे माझ्या थोरल्या वन्सं. लग्नाआधीच धुणं घेऊन नदीवर गेल्या, त्या परतल्या नाहीत.

लोभ आहेच, पत्रही असू दे.
तुझी ओक-नाम

देगू, ११ जून

चि. ओक-नाम हिस अ. उ. आ.

लहानपणी तू झोपेत उठून तांदूळ धुवायचीस. आता झोपेत शिवत असशील. जागेपणी जमत नाही, झोपेत तरी जमतंय म्हणायचं. रुमाल पेटीत ठेव आणि किल्ली तुझ्या यजमानांकडे दे. पोटुशीने असलं मनात आणू नये.

जिवाला जपावं, ही ताईची आज्ञा.
इन-सुन

आन्दोंग, १९ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

किल्ली ह्यांच्याकडेच होती. आज पेटी उघडली, तर रुमालाच्या मधोमध नवा पिवळा तुकडा. आपल्या आईच्या लग्नातल्या जाकिटाचा, निखाऱ्याच्या डागासकट. जाकीट तुझ्याकडे आहे ना? एकदा बघ.

हे म्हणाले, जाळून टाक. मी चुलीपर्यंत नेला आणि परत आणला. सासूबाई रडल्या. म्हणाल्या, ना लग्न, ना मूल, तिला आत्या तरी होऊ दे.

दुपारी शिवायला घेतला, उन्हाकडे धरला. ताई, पलीकडून कुणीतरी दोरा ओढला. हलकेच, शिकवताना ओढतात तसा. मी सुई सोडली नाही.

लवकर उत्तर दे, वाट पाहते.
ओक-नाम

देगू, २३ जून

चि. ओक-नाम हिस अ. उ. आ.

जाकीट काढलं. छातीवरचा चौकोन गेलाय. दोरे सुटू नयेत म्हणून भोकाच्या कडा दुमडून शिवल्या आहेत, डाव्या हाताने. माझ्या घराला कुलूप असतं, हे तुला ठाऊक आहे. 

रुमाल जाळू नकोस. उरलेलं जाकीट घेऊन मी शनिवारच्या बसने येते. तोवर त्या बोंग-एला माझा निरोप सांग. कापड हवं तेवढं ने म्हणावं, आईचं सगळं नेलंस तरी चालेल. पण बाळ अंगणात खेळायला लागलं की त्याला हाक मारायची नाही.

दार लावून घे. मी येतेच.
इन-सुन