पोटातल्या प्रजेचा कौल

चि. भोपळ्यास (दारावरच्या पाटीवर तू पोटाच्या विकारांचा मोठा डॉक्टर असशील, पण लहानपणी तुझ्या पोटाकडे बघून ठेवलेलं नाव मी काही सोडणार नाही) थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद.

तुझी प्रकृती कशी आहे? भावजयीची टाचदुखी थांबली का? मुलं भाज्या खातात की अजून ताटाखाली लपवतात? इकडे आम्ही सगळे ठणठणीत, आणि मी तर इतकी ठणठणीत आहे, की ते वाचून तुझा जळफळाट व्हावा एवढ्यासाठीच कागद घेऊन बसले आहे.

आधी तुझा पराक्रम. उन्हाळ्यात पोटात आग पडली म्हणून तुझ्याकडे आले आणि परतताना रजेसाठी एका ओळीचं सर्टिफिकेट मागितलं. ‘विश्रांतीची गरज’ एवढं लिहून थांबला असतास तर तुझ्या पेनातली शाई संपणार होती का? पण नाही. खाली ठसठशीत अक्षरात ‘तिखट पूर्ण बंद’ असं लिहून वर सही ठोकलीस. (एरवी तुम्हा डॉक्टरांचं अक्षर औषधवाल्यालाही लागत नाही, नेमकं तेव्हाच ते मोत्यासारखं आलं.) अरे, मिरचीच्या सॉसच्या कारखान्यात चव बघणाऱ्या बाईला तिखट बंद? आमच्या मॅनेजरने, म्हणजे मोजपट्टीने (खिशात कायम टेप असतो, माणसंही त्यानेच मोजतो), ते दोनदा वाचलं, फार फार वाईट वाटल्याचा चेहरा केला आणि दुसऱ्या दिवसापासून मला बाटल्यांची झाकणं घट्ट बसलीत का ते बघायच्या पट्ट्यावर नेमलं. जिने अर्धं आयुष्य चवीच्या टेबलाशी काढलं, एका थेंबावरून मिरची कोणत्या पोत्यातली ते सांगितलं, ती मी झाकणं पिळत बसले! आमच्या टेबलाचा रिवाज तुला ठाऊक आहे: घोट गिळायचा, थुंकायचा नाही, थुंकणाऱ्याच्या मताला तिथे काडीची किंमत नाही. ती खुर्ची गेली तेव्हा मी घरी येऊन रडले, हे तुझ्या दाजींनाही माहीत नाही.

पण देव पाठीशी होता. विद्यापीठातून दोन पोरी आल्या. तिखट खाल्ल्याने आतड्यातल्या जिवाणूंचं काय होतं, याचा त्या अभ्यास करत होत्या, आणि त्यासाठी आमच्या कारखान्याइतकी तिखट माणसं त्यांना आणखी कुठे मिळणार? त्यांनी सांगितलं, की आपल्या पोटात जिवाणूंची अख्खी प्रजा नांदते, आणि तिच्यात जितक्या जाती जास्त तितकी ती सहसा दणकट. मोजपट्टी खुसकन हसला आणि म्हणाला, बाईंच्या पोटात आता राखच उरली असेल. झालं! माझ्या तोंडाला कुलूप नाही हे तू जन्मापासून भोगतो आहेस. सगळ्यांदेखत सांगून टाकलं, माझी प्रजा रोडावलेली निघाली तर मरेपर्यंत झाकणं पिळीन, नाहीतर खुर्ची माझी.

मग त्या पोरींनी प्रत्येकाला पांढऱ्या झाकणाची एकेक डबी दिली. कशासाठी ते लिहीत नाही, तू डॉक्टर आहेस. मी ती कामगिरी घरी पार पाडून, डबी पिशवीत लपवून कारखान्यात आणली. आणि इथे हाताने घात केला. आमच्या सॉसचे नमुनेही तसल्याच डब्यांत असतात. पांढरं झाकण हाती आलं, की ते चवीच्या टेबलावर रांगेत ठेवायचं, ही इतक्या वर्षांची सवय. ठेवलं आणि निवांत हात धुवायला गेले. परत येते तो मोजपट्टी एका बड्या गिऱ्हाइकाला टेबल दाखवतोय, हातात चमचा, आणि गिऱ्हाईक माझी डबी नाकाशी धरून गंभीरपणे म्हणतंय, “हा जरा जास्तच मुरलाय.” मोजपट्टीने मान डोलावून चमचा पुढे केला. त्या क्षणी मी जी किंकाळी फोडली, तिने बाटल्यांचा पट्टा थांबला. चमचाही थांबला. (एक बोट अंतर होतं. टेप त्याच्याच खिशात होता, पण मोजायच्या मनःस्थितीत तो नव्हता.)

निकाल पंधरवड्यापूर्वी आला. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर मोठ्या पोरीने वाचून दाखवलं: जिवाणूंच्या सर्वांत जास्त जाती चव बघणाऱ्या बाईंच्या! बायकांनी डबे बडवले, ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला, आणि मोजपट्टीने स्वतः माझी खुर्ची उचलून टेबलाशी आणून ठेवली, तीही नवी उशी घालून. ती पोरगी मागून शेपूट जोडत होती, की थोडं तिखट काही जिवाणूंना मानवतंही, पण प्रत्येकाचं पोट वेगळं, ज्याच्या पोटात आग पडते त्याने जपूनच खावं, आणि एवढ्या जाती बहुधा भाज्या, डाळी, फळं यांनी येतात, एकट्या मिरचीला श्रेय देता येणार नाही. पण मिरवणुकीत शेपूट कोण ऐकतो? तेव्हा डॉक्टरसाहेब, हरलात. आईच्या पोटातून माझ्यानंतर आलास, तेव्हा पोटाच्या बाबतीत अनुभव माझाच जास्त.

तुझी विजयी,
अक्का

ता. क. : त्या गिऱ्हाइकाने मोठी मागणी नोंदवली. मात्र आता आमच्या सॉसच्या डब्यांना निळी झाकणं आहेत.

ता. क. दुसरा : हे वाचून पत्र फाडून टाक. माझ्या पिशवीत तू न सांगता खाण्यापिण्याचा कागद सरकवलास ना, तो मी तेव्हापासून पाळते आहे. डाळी, पालेभाज्या, दही, सालासकट सफरचंद, सगळं. आणि खुर्ची मिळाल्यापासून टेबलावर घोट तोंडात घोळवते, चप्पल सारखी करायच्या निमित्ताने वाकते आणि खालच्या डब्यात थुंकते. आग थांबली रे. तू ओरडला असतास तर मुळीच ऐकलं नसतं, पण माझं पोट एकदा तपासून झाल्यावर तू ते पुन्हा पहिल्यापासून तपासलंस. कागदावर दही सांडून रात्रीच्या जेवणाच्या ओळी पुसल्या गेल्यात, तेवढ्या पुन्हा लिहून पाठव. घरच्या पत्त्यावर. कारखान्यात तुझं अक्षर आता सगळे ओळखतात.