आडव्या सीटवरून लग्नाला

४ फेब्रुवारी
चिमीचं लग्न ठरलं. २२ मे, तिकडेच, समुद्राकाठच्या एका हॉटेलात. तिकडे म्हणजे ती नोकरी करते त्या देशात. होणारा जावईही तिथेच नोकरीला. मुलगा बरा आहे, फक्त मी बोलत असताना घड्याळ बघतो.
सगळा खर्च मी करणार. तसं सर्वांना फोनवर कळवलं.

५ फेब्रुवारी
थोडा खुलासा, निदान रोजनिशीत तरी सगळं स्वच्छ असावं म्हणून. पैसे चिमीचे आणि जावयाचे, दोघांनी चार वर्षं पोटाला चिमटा घेऊन साठवलेले. कमी पडतील ते सौ.च्या फंडातून, शाळेत शिकवून शिकवून आवाज बसला तेव्हा तिला तो मिळाला. पण भरणार मी, माझ्या क्रेडिट कार्डावरून. त्यांनी रक्कम माझ्या खात्यावर टाकायची, मी कार्ड वापरायचं, पॉइंट मला. कोणाचं काही जात नाही.
चिमी म्हणाली, बाबा, आम्ही इथूनच भरतो ना, सोपं पडेल. पाऊण तास समजावलं. सोपं सोपं करणाऱ्यांनी आयुष्यात काय मिळवलंय, असंही विचारलं. शेवटी गप्प बसली. पटलं की माणूस गप्प बसतो.
या पॉइंटांवर मी बिझनेस क्लासने जाणार. तिथे सीट पूर्ण आडवी होते. पंपाच्या कारखान्यात सव्वीस वर्षं पर्चेस सांभाळतोय आणि सव्वीस वर्षं साहेबांच्या बॅगा गाडीत चढवतोय. साहेब आडवे जातात, आडवे येतात. मी अजून विमानात उभासुद्धा राहिलेलो नाही. मुलीच्या लग्नाला तरी बापाने ताठ मानेने जावं, म्हणजे आडवं.

९ फेब्रुवारी
सौ.च्या चष्म्याची काडी मोडली. चष्म्याच्या दुकानांत पुढच्या महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात दुप्पट पॉइंट आहेत. थांब म्हटलं. काडीच्या जागी दोरा बांधून दिला. पांढरा दोरा घेतला, तिच्या केसांत दिसतही नाही.

१४ फेब्रुवारी
मेहुणा आला होता. सौ.चा भाऊ. हार्डवेअरचं दुकान, सगळा कारभार रोखीत, नोटा मोजताना अजून बोटाला थुंकी लावतो. चिमीला आहेर म्हणून मोठी रक्कम द्यायची म्हणाला. मी सुचवलं, माझ्याकडे दे, मी कार्डावरून तिचं काहीतरी बिल भरतो. नको म्हणाला, सरळ पोरीलाच देतो. शिकलेला नसला की माणूस संशयी होतो.

२२ फेब्रुवारी
हॉटेलचा पहिला हप्ता भरला. कार्डाने भरलं तर हॉटेल थोडं जास्त घेतं आणि परकीय चलन म्हणून बँकही थोडं कापते. मिळवायचं तर थोडं सोडावं लागतं. चिमीने विचारलं, ते जास्तीचं कोणी द्यायचं? म्हटलं, लग्न ज्याचं त्याने.
तिने दिलं. पोरगी गुणी आहे.

६ मार्च
ऑफिसातही जोर लावलाय. कॅन्टीनमध्ये सगळ्यांचं बिल मी कार्डाने देतो आणि मागाहून रोख गोळा करतो. स्टोअरकीपरच्या मुलाची फी मी भरली. टायपिस्टच्या सासऱ्यांचं ऑपरेशन आहे असं कळलं, तिलाही विचारून ठेवलंय, बिल किती होईल. हल्ली मी कॅन्टीनमध्ये शिरलो की लोक भराभरा जेवून उठतात. कामाचा ताण फार वाढलाय सगळ्यांवर.

१९ मार्च
लग्नातलं भाषण तयार. सौ.ला वाचून दाखवलं. ती म्हणाली, यात चिमी कुठेय? नीट ऐकलं नसेल. पहिल्या वाक्यातच आहे: ‘आज माझ्या मुलीच्या लग्नाला मी ज्या सीटवरून आलो...’
चष्मा राहूनच गेला. दुप्पटची मुदत संपली. आता पुढच्या ऑफरला.

८ एप्रिल
हॉटेलचा दुसरा आणि शेवटचा हप्ता १० तारखेच्या आत भरायचाय. आज भरायलाच बसलो होतो, तेवढ्यात ॲपवर झळकलं: १२ तारखेपासून हॉटेलांवर पाचपट पॉइंट! दैव देतं ते असं. घाई केली असती तर हातचं घालवलं असतं. दोन दिवसांनी काही कोणाचं लग्न मोडत नाही.

१० एप्रिल
चिमीचा फोन. पैसे भरले का? झालंच समज, म्हटलं. म्हणजे खोटं बोललो नाही, समज म्हटलं. तिने पुन्हा विचारलं, बाबा, नक्की ना? बापाला दोनदा विचारायची ही तिकडची सवय. जरा रागावलो.

११ एप्रिल
दुपारपासून परदेशी नंबरवरून चार फोन. उचलले नाहीत. अशा फोनवरूनच लोकांची कार्डं लुबाडतात. एवढ्या मोठ्या लग्नाच्या तोंडावर बेसावध राहून चालणार नाही.

१२ एप्रिल
सकाळी आंघोळ करून, नवा शर्ट घालून पेमेंटला बसलो. होईना. तीनदा केलं, होईना. शेवटी हॉटेलला फोन लावला. मॅनेजरबाई फार गोड बोलल्या. मुदत टळली म्हणून हॉल दुसऱ्या पार्टीला गेला. काल दिवसभर आम्ही तुम्हाला फोन करत होतो, म्हणाल्या. पहिला हप्ता नियमाप्रमाणे बुडीत.
काय पद्धत आहे ही? दोन दिवसांत माणुसकी सोडतात. वर म्हणाल्या, हॅव अ नाइस डे.

१३ एप्रिल
चिमीला सांगितलं. दोष हॉटेलचा आहे हे आधी सांगितलं, मग बाकीचं. बराच वेळ तिकडून आवाजच नाही. लाइन गेली वाटलं म्हणून हॅलो हॅलो केलं. मग म्हणाली, आहे मी. एवढंच. रडली वगैरे नाही. माझ्यावर गेलीय, धीराची आहे.
जमेची बाजू: हप्ता परत आला असता तर त्याचे पॉइंटही परत गेले असते. बुडीत गेल्यामुळे पॉइंट शाबूत राहिले. हे तिला सांगितलं. तिने फोन जावयाकडे दिला. त्याने ठेवला.

१५ एप्रिल
दुसऱ्या हप्त्याचे पैसे चिमीने परत मागितले. सरळ बँकेतून पाठव, म्हणाली. पाठवले. एवढी मोठी रक्कम आणि एकही पॉइंट नाही. जेवण गेलं नाही.
सौ. दोन दिवस माझ्याशी बोललेली नाही. घसा दुखत असेल.

२ मे
सौ. चिमीकडे गेली, नवीन जागा शोधायला मदत म्हणून. तिकीट मेहुण्याने काढलं, रोखीने. मला विचारलं असतं तर! विमानतळावर सोडायलाही तोच गेला; मला ऑफिस होतं. बहिणीला सोडायला जाताना स्वतःची एवढी मोठी बॅग कशाला, ते मात्र कळलं नाही. असेल दुकानाचा माल.
सौ.ला माझं जोडकार्ड दिलंय. बजावलं, तिकडे पाण्याची बाटलीसुद्धा यावरच घ्यायची. खर्च झाला की मला मेसेज येतोच. शपथ घातली. बरं म्हणाली.
नवी तारीख? ठरली की सांगू म्हणाली. मी तयारीत आहे. १८ मेला कार्डाचं स्टेटमेंट निघेल, सगळे पॉइंट जमा होतील, सीट पक्की.

६ मे
एकट्याचं बरं चाललंय. सकाळी पाव-अंडं, दुपारी कॅन्टीन, संध्याकाळी पाव. कपडे भिजत घातलेत, परवापासून. स्टोअरकीपर विचारत होता, साहेब, वहिनी गेल्या, तुम्ही कधी? त्याला आडव्या सीटचा फोटो दाखवला. चांगली आहे म्हणाला. पाहताना चेहरा मात्र असा केला की जणू मी त्याला एक्स-रे दाखवतोय.

८ मे
मेसेज आला: जोडकार्डावर खर्च, चष्म्याचं दुकान. पूर्ण किमतीत! एका ऑफरसाठी थांबवत नाही हिला. फोन केला. चिमीने नेलं म्हणाली, बघवत नव्हतं तिला तो दोरा. बारीक अक्षर दिसतंय आता, शिवणही दिसते. एवढ्या महाग काचांतून दिसायलाच हवं, असं म्हटलं आणि विषय वाढवला नाही.

१० मे
चिमीने आपण होऊन फोन केला. म्हणाली, बाबा, साधं तिकीट काढ आणि ये. या आठवड्यात.
म्हटलं, घाई कसली? हॉल मिळाला का? तर म्हणाली, हॉलचं राहू दे, तू ये फक्त. मी तिला शांतपणे समजावलं की पॉइंट १८ तारखेला जमा होतात, त्याच्या आधी निघणं म्हणजे इतक्या महिन्यांच्या मेहनतीवर पाणी. ती म्हणाली, मी पाठवू का तिकीट? तेव्हा मात्र आवाज चढवला. मुलीच्या पैशांनी लग्नाला येणारा बाप मी नव्हे.
मग म्हणाली, ‘बाबा, शेवटचं विचारते. येतोस?’
म्हटलं, १८ नंतर कधीही. ठीक आहे, म्हणाली. आवाज जरा बसल्यासारखा वाटला. घशाचं आईकडून आलं असावं.

१७ मे
सकाळी अकरा वाजता मेसेज: जोडकार्डावर खर्च, फुलांचं दुकान. आकडा दोनदा वाचला. मागोमाग दुसरा: फोटो स्टुडिओ. तिसरा: कुठल्याशा सरकारी कचेरीची फी. सौ. असं करणारच नाही. पाण्याची बाटली घ्यायची तरी ही बाई मला फोन करते. कार्ड चोरीला गेलं!
तिला फोन लावला. उचलेना. चिमीचा फोन बंद. जावयाचाही बंद. तिघांना एकदम काय झालं? मेहुण्याच्या दुकानात लावला, तर नोकर म्हणाला, शेट पंधरा दिवस गावात नाहीत. वेळेला एक माणूस उपयोगी पडेल तर शपथ.
डोकं शांत ठेवलं. बँकेला फोन लावला. तिथली मुलगी हुशार होती. खर्च एकेक वाचून दाखवले आणि म्हणाली, सर, एकदा घरात विचारून घ्या. फुलं, फोटो, नोंदणीची फी. हे कोणाचं तरी लग्न दिसतंय.
मी म्हटलं, ‘असेल. आमच्या घरात आज कोणाचं लग्न नाही.’
तिने पुन्हा विचारलं, नक्की ब्लॉक करू? म्हटलं, ताबडतोब. केलं. स्वतःवरच खूश झालो. पंधरा मिनिटांत एवढा निर्णय! दुपारी आणखी एक मेसेज: रेस्टॉरंट, चौदा माणसांचं बिल, व्यवहार नाकारला. चोराचं तोंड बघायला हवं होतं, असं वाटलं.
पुढचं लिहायचं नव्हतं. पण लिहितो.
सौ.चा फोन आला. मागे भांड्यांचे, हसण्याचे आवाज. म्हणाली, कार्ड चालत नाहीये, वेटर पोरीसमोर उभा होता ताटकळत. मी म्हटलं, मीच बंद केलंय, कार्ड कोणीतरी चोरलंय, तू आहेस कुठे? ती म्हणाली, चिमीचं लग्न झालं आज सकाळी. जेवणाचं बिल दादाने दिलं, रोख. दादा म्हणजे मेहुणा. तो तिथे आहे. चिमीच्या बाजूला तोच उभा राहिला, साक्षीदार म्हणून सहीही त्यानेच केली.
मी विचारलं, मला का नाही कळवलं?
‘चिमी म्हणाली, बाबांना तारीख सांगितली तर ते पुढे ढकलायला लावतील. कुठलीतरी ऑफर असेल.’
मी म्हटलं, मग खर्च माझ्या कार्डावर कशाला केला? तर म्हणते, तुम्हीच शपथ घातली होती ना.
छातीत कळ आल्यासारखं झालं. डॉक्टरकडे जाण्याइतकं नाही. नुसतं वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. चूक कोणाची हा विचार करत बसलो, पण आज हॉटेलवर ढकलता येईना.

१८ मे
पॉइंट जमा झाले. ॲपवर फुगे उडाले, ‘अभिनंदन’ आलं. आडवी सीट मिळतेय, खिडकीजवळची.
चिमीला फोन लावला. चौथ्यांदा उचलला. आशीर्वाद दिला. थँक्यू म्हणाली. कालच्या बिलाचा विषय तिने काढला नाही, मीही नाही. नवरा काय करतोय विचारलं, तर बॅगा भरतोय म्हणाली, आठ दिवस फिरायला चाललेत. आई? आई आता इथेच राहील काही महिने, हवा मानवलीय तिला.
मग मी विचारलं, तिकीट मिळतंय, येऊ का?
‘ये की बाबा. पण आता कशासाठी?’
सीट महिनाअखेरपर्यंत मिळतेय, एवढंच म्हणालो. ती म्हणाली, बरं.