न फवारलेली झाडं

नवागाम, डिंडोली, सुरत
२ फेब्रुवारी २०२५

चि. कुंदन यास ताईचे आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे. तुझे दाजी बरे आहेत, मीही बरी आहे. हे पत्र बघून तू दचकशील. तुझ्या नर्सरीच्या बोर्डावर नंबर आहे, शेजारच्या पुष्पाबाईंनी फोटो काढून आणलाय. पण फोनवर माझा आवाज ऐकून तू ठेवून दिलास तर मी काय करणार? पत्र फाडायचं म्हटलं तरी आधी उघडावं लागतं.

काम आहे म्हणून लिहिते.

दाजींनी गेल्या दिवाळीला लूमवरचं काम सोडलं. तीस वर्षं त्या खडखडाटात उभं राहून दोन्ही कान गेले. घरी बसले तर दोन महिने नुसते भिंतीकडे बघत होते. मग एक दिवस उधन्याच्या बाजारातून आठ बजरी घेऊन आले. बजरी म्हणजे ते छोटे पोपट, लोक त्यांना लव्हबर्ड म्हणतात. मी म्हटलं, ज्याला ऐकू येत नाही त्याने किलबिलाट विकत आणला. ते म्हणाले, "काय?"

पण माणूस बदलला. भंगारातल्या लूमचे लोखंडी अँगल जोडून गॅलरीत त्यांनी पिंजरा केला, मी आत उभी राहून झाडू मारते एवढा मोठा. तरी पाखरं एका कोपऱ्यात अंग चोरून बसायची. दुपारी लोखंड तापायचं. दोन माद्या स्वतःची पिसं उपटायला लागल्या. दाजी म्हणाले, आत खरी झाडं पाहिजेत, सावली पाहिजे, चावायला पान पाहिजे.

झाडं आणायला मी गेले. रस्त्याकडेच्या हातगाडीवरून निवडून निवडून आणली. मनीप्लांट, रंगीत पानांचं क्रोटन, एक गुलाब. पानं अशी चकचकीत की पुसल्यासारखी. संध्याकाळी आत ठेवली. पाखरं तुटून पडली आणि दाजी टाळ्या वाजवत होते. सकाळी एक हिरवी मादी तळाशी पडली होती आणि एक पांढरा नर मान टाकून बसला होता. दुपारपर्यंत तोही गेला.

जनावरांच्या डॉक्टर जयश्रीबेन आहेत, त्यांच्याकडे उरलेले सहा आणि त्या झाडांची चार पानं घेऊन गेलो. त्यांनी पान बोटांनी चोळून वास घेतला. म्हणाल्या, झाडं चकचकीत दिसावीत म्हणून औषध मारतात, आणि मनीप्लांट, क्रोटन तर औषध न मारताही पाखरांना चालत नाहीत. मग मला म्हणाल्या, "बेन, पहेला पूछवानुं, पछी लेवानुं." आधी विचारायचं, मग घ्यायचं. मी काहीच विचारलं नव्हतं. नुसतं वरवर बघून घेतलं होतं.

दाजींनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही. त्यापेक्षा बोलले असते तर बरं झालं असतं.

आता त्यांना पुन्हा झाडं हवीत, पण बाजारातली नकोत. जयश्रीबेन म्हणाल्या, ओलपाडच्या बाजूला एक मराठी नर्सरी आहे, तिथे काही फवारत नाहीत. पुष्पाबाई तिकडे देवदर्शनाला गेल्या होत्या, त्यांनी बोर्ड बघितला. नाव तुझं. हजीऱ्याची नोकरी सोडलीस हे मला बोर्डावरून कळलं.

तुझ्या लग्नाला मला येता आलं नाही. पाय सुजला होता, ते तुला ठाऊकच आहे. त्यानंतर तू आला नाहीस, मीही आले नाही, अशी नऊ वर्षं निघून गेली. कोणी मुद्दाम केलं असं नाही.

तर चार-पाच झाडं पाठवशील का? कोणती ते तूच ठरव. रिक्षावाल्याबरोबर पाठवलीस तरी चालेल, तुला यायची तसदी नको.

दाजी तुझी आठवण काढतात. त्या दिवशी खरंच अंगात ताप होता रे, उठवत नव्हतं, नाहीतर मी आले नसते का? तुला कडेवर घेऊन मी अमळनेरचा सगळा बाजार फिरलेली आहे.

घरच्या मंडळींना नमस्कार.

तुझी
ताई

*

ओलपाड रोड
१० फेब्रुवारी २०२५

सरलाबाई यांना सप्रेम जय भीम.

पत्र कुंदनच्या नावाचं आहे, पण नर्सरीत झाडांचं काम मी बघते, म्हणून उत्तर मी लिहिते. माझं नाव निशा. तुमच्या पत्रात ते कुठे आलं नाही, म्हणून सांगितलं.

कुंदनने पत्र दोनदा वाचलं आणि सकाळी पाणी घातलेल्या वाफ्यांना पुन्हा पाणी घालत बसला.

दोन पाखरं गेली त्याचं वाईट वाटलं. तुम्ही एकट्याच फसलेल्या नाहीत. इथे महिन्यातून एखादा तरी असा येतो.

बजरी प्रत्येक पान चावून बघते, त्यामुळे शोभेचं झाड आणि खाण्याचं झाड असा फरक तिच्याकडे नसतो. तिला चालेल तेच आत ठेवायचं. जास्वंद चालेल. तुळस, पुदिना चालेल. ज्याला स्पायडर प्लांट म्हणतात ते लांब पट्ट्यांचं गवतासारखं झाड चांगलं, पटकन वाढतं आणि सावली देतं. पसरट ताटात बाजरी पेरा, वीतभर झाली की ताट आत सरकवा, त्यांना फार आवडते. कण्हेर, चिकाचा शेर, मनीप्लांट, क्रोटन घरातच आणू नका. कुंडी मातीची घ्या. वर मोठे गोटे ठेवा, म्हणजे ती माती उकरून खाणार नाहीत.

आणि कुठूनही आणलेलं झाड, माझ्याकडचंसुद्धा, लगेच आत ठेवायचं नाही. पानं धुवायची, माती बदलायची आणि सहा आठवडे बाहेर ठेवून नवी पालवी येऊ द्यायची. पानावर बाहेरून बसलेलं धुऊन निघतं, मुळातून चढलेलं निघत नाही. त्याला वेळच द्यावा लागतो.

रिक्षाने झाडं आम्ही पाठवत नाही. ज्याला हवीत त्याने यावं, मी मातीत काय घालते ते विचारावं, शेड बघावी आणि मग न्यावीत. रविवारी आम्ही दिवसभर असतो.

एक राहिलं. तुमच्या पत्रात एका ठिकाणी पाय सुजला आहे आणि दुसऱ्या ठिकाणी ताप आहे. दोन्ही आता बरं असेल अशी आशा आहे.

निशा

*

नवागाम
१ एप्रिल २०२५

चि. सौ. निशा हिस अनेक आशीर्वाद.

झाडं काल आत गेली. ते सांगायलाच पत्र लिहितेय, पण त्याआधी थोडं मागचं.

तुझं पत्र मी दाजींना मोठ्याने वाचून दाखवलं होतं. त्यांना मोठ्याने वाचून दाखवायचं म्हणजे अख्ख्या गल्लीला वाचून दाखवायचं. पहिल्या ओळीतल्या जय भीमला मी क्षणभर थांबले. दाजी कानाला हात लावून बसले होते. मग वाचलं, त्याच आवाजात. समोरच्या ओट्यावर भाजी निवडणारी लीला वर बघून पुन्हा निवडायला लागली. एवढंच झालं. पाय आणि तापाची ओळ वाचली तेव्हा मात्र दाजी इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

त्या रविवारी आलो तेव्हा फाटकापाशी कुंदन उभा होता. कानशिलावरचे केस पिकलेत त्याचे. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल, किंवा मी बोलेन. त्याने माझ्या हातातली पिशवी घेतली आणि विचारलं, "पाय कसा आहे?"

"बरा आहे," मी म्हटलं.

"आणि ताप?"

आधी तू हसलीस. मग तो हसला. दाजींना काही ऐकू गेलं नव्हतं, पण तेही हसले. मी हसले खरी, पण माझे कान तापले होते.

तू मला सगळी शेड फिरवलीस. ताक आणि कडुनिंबाचं पाणी कशाला, शेणखत किती जुनं, पानामागची कीड हाताने कशी काढायची, सगळं दाखवलंस. मी विचारत गेले आणि तू सांगत गेलीस. इतके प्रश्न मी जन्मात कोणाला विचारले नसतील. जास्वंदीची कुंडी मी उचलली तर म्हणालीस, "ही नको, हिला मागच्या महिन्यात दुसरीकडून आणलंय. हिच्याबद्दल मला अजून खात्री नाही," आणि तुझ्या हातची वाढलेली दुसरी काढून दिलीस. गिऱ्हाईक समोर उभं असताना दुकानदाराने असं म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

तेवढ्यात त्या गुजराती बाई आल्या, तुळशीची रोपं घ्यायला. माझ्याकडे बघून त्यांनी तुला विचारलं, "आ कोण छे? तमारा सगा?" म्हणजे तुमच्या नात्यातल्या का. तू माझ्याकडे बघत राहिलीस. तू रागाने बघत नव्हतीस, वाट बघत होतीस. आणि मी म्हटलं, "ना ना, ग्राहक."

त्यानंतरही तू आम्हाला जेवायला वाढलंस. वांग्याची भाजी दाजींनी तीनदा मागून घेतली. कुंदनने कुंड्या रिक्षात भरल्या. सहा आठवडे त्या कुंड्या जिन्यात ठेवलेल्या होत्या. येता-जाता त्या दिसायच्या आणि "ग्राहक" हा माझाच शब्द माझ्या कानात वाजायचा.

तर ऐक. माझा पाय सुजला नव्हता आणि मला तापही नव्हता.

तुमच्या लग्नाच्या सकाळी मी नवी पिस्ता रंगाची साडी नेसून तयार होते. दाजी आहेराची पिशवी घेऊन दारात उभे होते. हॉल उधन्यालाच होता, चालत गेलो असतो तरी पोचलो असतो. मी आतल्या खोलीत जाऊन कडी घातली. तुझ्या जातीचं नाव घेऊन मी तेव्हा जे बोलले ते इथे लिहीत नाही. तुला ते कोणीतरी पोचवलं असणारच. कुंदनने तर माझ्याच तोंडून ऐकलं होतं. मी म्हणायचे, लोक काय म्हणतील. लोक काहीच म्हणाले नाहीत गं. म्हणणारी मीच होते. दाजी तासभर दारात उभे राहिले, मग त्यांनी पिशवी खाली ठेवली. नऊ वर्षं लोकांना मी आजारपण सांगत आले. रोज वेगळं सांगितलं की मग कुठलं कुणाला सांगितलं ते लक्षात राहत नाही.

तुला भेटण्याआधी मी तुझ्याबद्दल एक प्रश्नसुद्धा विचारला नव्हता. कुठे शिकलीस, काय आवडतं, काही नाही. माफ कर म्हणायला मला जीभ जड जाते, पण लिहिते: मला माफ कर. लगेच नाही केलंस तरी चालेल.

आता पाखरांचं. झाडं आत ठेवली तर सकाळभर सहाच्या सहा वरच्या दांडीवर एका ओळीत बसून राहिली. दाजी स्टूल टाकून पिंजऱ्यासमोर बसले, चहासुद्धा तिथेच घेतला. दुपारी एक निळी मादी उतरली, बाजरीच्या ताटात पाय ठेवून पुन्हा वर पळाली. मग दुसरी उतरली. चार वाजेपर्यंत जास्वंदीचं एक फूल संपलं होतं आणि स्पायडर प्लांटच्या पट्ट्यांत दोघं लपून बसले होते. पिसं उपटणाऱ्या माद्यांपैकी एक पुदिन्याच्या ओल्या पानांत अंग घासत होती. आज सकाळी सहाही जण ठणठणीत आहेत. मी उजाडताच मोजले.

काल संध्याकाळी त्यांनी मिळून जो कलकलाट केला, तो ऐकून दाजी माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "माले आयकू येस." येत असेलही.

ज्या झाडांची वाढ जास्त झाली त्यांची अदलाबदल करायला, आत ठेवल्यावर महिनाभराने, यावं लागेल असं तू म्हणाली होतीस. त्याआधी तुम्ही दोघं इकडे या. कळण्याच्या भाकरी करते, शेवेची भाजी करते. कुंदनला विचारू नकोस, नुसतं घेऊन ये. गल्लीत शिरलात की लीला विचारेल, कोणाकडे आलात. तिला मी कालच सांगून ठेवलंय, माझा भाऊ आणि भावजय येणार आहेत. तिने विचारलं, कुठली भावजय? मी म्हटलं, एकच आहे.

तुझ्या लग्नाला न आलेली,
तुझी नणंद
सरला